केरसुणीचं नाणं

"भाकरी थापूक येता?"

सासूबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. झोप लागली का नाही, चहा घेतलास का नाही, काही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मुंडावळ्यांचे दोरे कपाळाला अजून काचत होते, हात हळदीनं पिवळे, मनगटापासून वर हिरवा चुडा, आणि ही बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला भाकरीचं विचारत होती.

"येते," मी म्हटलं.

"मगे ये भितूर."

माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून आलेल्या आत्यानं डोळे वटारले. "अहो विहीणबाई, चेडवाच्या अंगाची हळद सुकूक नाय अजून. तिका आताच चुलीकडे बसवतास?"

"बसवतंय," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मीही गेले. करते काय? चुलीवर तवा तापला होता, उकड मळून तयार होती. सासूबाईंनी पितळी परात माझ्यापुढं ढकलली आणि उकडीचा गोळा आत टाकला. मी माहेरी थापायची तशी बोटांच्या टोकांनी टकटक थापायला लागले. चुडा वाजत होता, मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. सासूबाईंनी माझ्या बोटांवर हलकीच चापटी मारली.

"बोटां नको. बोटांनी भाकरी फाटता. तळवो टेक. सगळो. सपाट."

मी तळवा टेकला.

"आता उचलू नको. दाब आणि सरकय. काठाक सरकय. काठार इली काय आपसूक हातार येता."

भाकरी आली हातावर. मी ती तव्यावर टाकली. त्यांनी दुसरा गोळा टाकला, मग तिसरा. पाच भाकऱ्या मी केल्या, आणि पाचही वेळा त्या तेच म्हणाल्या: तळवो, दाब, सरकय. पाचवी झाल्यावर "जा आता" म्हणाल्या. शाबासकी नाही की हसू नाही. मी हात धुतले ते मनातल्या मनात दात खातच. एकोणीस वर्षांच्या घोडीला, तीही नवी नवरी, भाकरी शिकवतात म्हणजे काय! आत्या तर ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी पुटपुटत होती, "सासू न्हय, मास्तर आसा मास्तर."

माझं लक्ष भाकरीत नव्हतंच. दहा वाजता मांडवात नाणं शोधायचा खेळ होता, आणि माझं पुढचं सगळं त्या खेळावर टांगलेलं होतं.

मी सावंतवाडीला अध्यापिका विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा एप्रिलात. लग्न मात्र माघातलं, कारण आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भटजींनी तोच मुहूर्त काढून दिला होता. बोलणी चालली असताना माझ्या वडिलांनी चाचरत विषय काढला, "चेडवाची परीक्षा तेवढी..."

आबांनी पानाचा डबा टक् करून मिटला. "कित्याक व्हयी परीक्षा? आमच्याकडे पोटाक कमी नाय."

झालं. वडिलांनी मान डोलावली. घरी येऊन मला म्हणाले, "पदरी पडलां, पवित्र झालां, शालन. माणसां बरी आसत."

माणसं बरी होती, त्यात वादच नाही. वेंगुर्ल्याला माडांची बाग, स्वतःचं कौलारू घर, मुलगा बंदराच्या कचेरीत कारकून, घरात कुणी कुणावर ओरडत नाही. पण दीड वर्ष मी वसतिगृहातल्या भातातले खडे चावत काढलं होतं. पहिलीच्या वर्गावर माझा पाठ झाला तेव्हा एका शेंबड्या पोरानं माझा पदर धरून विचारलं होतं, "बाई, उद्या येशात ना?" आता अडीच महिन्यांसाठी हे सगळं पाण्यात जाणार होतं. मला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

राहता राहिलं ते नाणं.

आरोलकरांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, देवघरात एक चांदीचं नाणं होतं. आबांच्या पणजोबांना ते डच वखारीच्या पडक्या भिंतीपाठी माड लावायला खड्डा खणताना सापडलेलं. अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठं, पापडासारखं पातळ, आणि गोल म्हणावं तर गोल नाही. एका बाजूला कड चेपलेली, दुसरीकडं अक्षरं कडेबाहेर निसटलेली. मधोमध मात्र एक आकृती स्पष्ट होती. काड्यांची जुडी, मध्ये बांधलेली, वरून पसरलेली. कोकणातला कुठलाही माणूस ते बघून जे म्हणेल तेच पणजोबा म्हणाले: केरसुणी! आणि केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतोच, इथं तर लक्ष्मी स्वतः चांदीवर बसून जमिनीतून वर आली होती. नाणं देवघरात गेलं.

मी शाळेत लागल्यावर पुष्कळ वर्षांनी आमच्याकडं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी ते नाणं भिंगातून पाहिलं. म्हणाले, हे हॉलंडचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. चांदीची चकती ठशावर ठेवून वरून हातोड्याचा घाव घालून पाडलेलं, म्हणून असं वेडंवाकडं. आणि ही केरसुणी नव्हे, बाणांची जुडी आहे. त्यांच्या सात प्रांतांचे सात बाण. आबांचा चेहरा इतका पडला की प्राध्यापकांनाच वाईट वाटलं. "पण आजोबा," ते घाईनं म्हणाले, "तिकडची साधी माणसंसुद्धा अशा नाण्याला केरसुणीचं नाणंच म्हणत!"

"मगे!" आबा उसळून म्हणाले. "थंयसर पण केर काढूकच लागता."

हे सगळं नंतरचं. लग्नाच्या वेळी मला ठाऊक होतं ते एवढंच की आरोलकरांच्या प्रत्येक लग्नात हे नाणं हळदीच्या पाण्यात टाकतात, नवरानवरी ते शोधतात, आणि जो जिंकेल त्याचा एक शब्द त्या घरात कायमचा चालतो. केरसुणीचा शब्द. तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आबांच्या आजोबांनी जिंकून मागितलं होतं की घरात गवारीची भाजी होता कामा नये. त्या घरात आजतागायत गवार शिजलेली नाही. आबांनी मागितलं होतं, सकाळची पेज माझ्याआधी कुणी प्यायची नाही. चार पिढ्यांत एकही सून जिंकली नव्हती. गावात म्हणायचे, आरोलकरांच्या सुनांच्या हाताला यश नाही.

मी माझ्यापरीनं बंदोबस्त करायला गेले होते. लग्नाआधी मानसीश्वराच्या जत्रेत दिगंबरची, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याची, आणि माझी भेट घडवून आणली होती, आत्या दहा पावलं मागं. मी सरळच विचारलं, "त्या खेळात तुम्ही हात जरा ढिला सोडाल का?"

त्यानं बराच विचार केला. खाज्याची पुडी या हातातून त्या हातात. "आबा समोर बसतले," तो म्हणाला. "माका खोटां खेळूक जमाचां नाय. आणि खोटां जिंकलेलां तुका तरी चलात काय?"

"चलात!" मी म्हटलं.

तो इतका मोठ्यानं हसला की आत्या दहा पावलांची चार पावलं करून जवळ आली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी तो मला आवडलाही. पण आवडून काय उपयोग, हात काही ढिला सुटणार नव्हता.

दहा वाजता मांडव भरला. मघाचीच परात घासून आणली होती. तिच्यात पाणी, पाण्यात हळद, वर दूध. तळ दिसायचं नाव नको. एका बाजूला मी, समोर दिगंबर. आबा बाकावर मांडी घालून. माझी नणंद सुमती नाणं टाकायला. तीन डाव, दोन जिंकेल तो जिंकला. नाणं मिळालं की हात वर करायचा आणि मोठ्यानं "गावलां!" म्हणायचं.

सासूबाई बाहेर आल्याच नव्हत्या. आतून भाकऱ्यांचा आवाज येत होता.

सुमतीनं नाणं सोडलं. मी दोन्ही हातांनी तळ चाचपायला लागले. बोटं इकडं फिरव, तिकडं फिरव. मनात पाचही आकडे मोजून झाले नसतील तोच समोरून, "गावलां!"

वरपक्षाकडून टाळ्या. आत्यानं माझ्या पाठीत कोपर मारलं. "झोपलंस काय गो?"

दुसरा डाव. या वेळी नाणं माझ्या बोटांना लागलं. पहिल्यांदा लागलं तेव्हा काळीज असं उडालं की विचारू नका. पण धरायला जावं तर धरता येईना. इतकं पातळ, की नखाखाली कड यायची आणि निसटायची. चिमटीत घ्यावं तर चिमटीत पाणीच. एकदा, दोनदा, तीनदा निसटलं, आणि मग नाहीसंच झालं. मी शोधतेय, दिगंबर शोधतोय, दोघांचे हात एकमेकांवर आपटताहेत. एव्हाना बायका हसायच्या थांबल्या होत्या.

"नाणां खंय?" सुमती घाबरून म्हणाली.

आबा बाकावरून अर्धे उठले. चार पिढ्यांची लक्ष्मी! कुणीतरी परात ओतायला पुढं झालं. एवढ्यात आत्या किंचाळली, "अगो, चुड्यात बघ! चुड्यात!"

खरंच, दोन हिरव्या बांगड्यांच्या फटीत ते नाणं अडकून बसलं होतं, पिवळं होऊन. वरपक्षानं एकच कालवा केला. "हो डाव नाय! हो डाव नाय! गावलां म्हणूक नाय तिना!" मी ताबडतोब हात वर केला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "गावलां!"

हशा पिकला. पण निकाल आबांनी द्यायचा होता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. ते माझ्याकडं बघत होते आणि मला वाटत होतं, झालं, गेला डाव.

"नाणां कोणाकडे आसा?" आबा म्हणाले. "तिच्याकडे. मगे डाव तिचो."

हा माणूस खोटा नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरा डाव. सुमतीनं नाणं परातीवर धरलं, गोल फिरवलं, सोडलं. माझी बोटं पुन्हा तळावर धावली. नाणं लागलं, निसटलं. दिगंबरचा हात शांतपणे फिरत होता, माझ्यासारखा धडपडत नव्हता, आणि त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटत होती. माझ्या डोळ्यांपुढं ते शेंबडं पोर आलं. उद्या येशात ना? पुन्हा नाणं लागलं, पुन्हा निसटलं.

थप्. थप्.

मी वर पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. हाताला लागलेलं पीठ झटकत होत्या, तळव्यावर तळवा. माझ्याकडं बघत नव्हत्या. बघत होत्या मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्यांकडं, जणू आयुष्यात कधी आंब्याची पानं पाहिली नव्हती.

थप्.

आणि मला कळलं. बोटां नको.

मी बोटं सरळ केली. उजवा तळवा परातीच्या तळावर सपाट टेकला आणि फिरवला. एक वेढा, दोन वेढे, आणि अंगठ्याच्या खालच्या गादीला गार कड लागली. उचललं नाही. दाबलं. सरकवलं. दिगंबरचा हात आला, माझ्या हाताला भिडला, त्यानं ढकललंही. खरंच ढकललं, खोटं नाही सांगत. मी दाब सोडला नाही. काठापर्यंत आणलं, काठाच्या चढावरून वर घेतलं, पाण्याबाहेर काढलं, आणि हात उलटा केला.

नाणं तळव्याला चिकटलेलं होतं. केरसुणी वर.

"गावलां!" माझ्या ओरडण्यानं मांडवावरचा कावळा उडाला. आत्यानं फुगडी घातली, तीही एकटीनंच, गोल गोल. दिगंबर ओल्या हातांनी नुसता बसला होता, नाण्याकडं बघत, आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. हरलेला माणूस इतका खूश झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

मी दाराकडं पाहिलं. दार रिकामं होतं. आतून पुन्हा भाकऱ्यांचा आवाज.

"माग," आबा म्हणाले.

"पाटल्यो माग गो, पाटल्यो!" आत्या कानात फुसफुसली.

मी उभी राहिले. "मला परीक्षेला बसायचंय," मी म्हटलं. "एप्रिलपर्यंत सावंतवाडीला राहू द्या. आणि पास झाले तर शाळेत शिकवू द्या."

"हे तीन शब्द झाले!" मागून कुणीतरी म्हणालं. "परीक्षा येक, वाडी दोन, शाळा तीन! शब्द येकच!"

पुन्हा कालवा. आबांनी हात वर केला. पानाचा डबा उघडला, मिटला. त्यांना हे मनापासून नको होतं, ते मला दिसत होतं; आणि शब्द मोडायचाही नव्हता, तेही दिसत होतं. नुसतं 'एकच शब्द' म्हणून ते सहज सुटले असते. सगळा मांडव त्यांच्या बाजूनं होता.

"येकच शब्द आसा तो," शेवटी आबा म्हणाले. "मास्तरीण."

मग दाराकडं तोंड करून ओरडले, "सत्यबाय! आयकलंस? तुझी सून मास्तरीण होतली म्हणता!"

"होवंदे," आतून उत्तर आलं. "भाकऱ्यो थंड होतत. जेवूक येवा."

आठव्या दिवशी आबा स्वतः माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटी स्टँडवर आले. दिगंबरला हात लावू दिला नाही. कंडक्टरला म्हणाले, "पुढची जागा दी. मास्तरीण आसा आमची." अजून परीक्षा व्हायची होती, पण मी म्हटलं, असू दे. सासूबाईंनी केळीच्या पानात भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. एकही फाटलेली नव्हती.

परीक्षा दिली. पेपर उत्तम गेले. मे महिन्यात घरी आले तेव्हा मनात एकच गोष्ट घोळत होती. दिगंबरनं मला पत्रात लिहिलं होतं की लग्नाच्या आदल्या दिवशी आबांनी त्याला न्हाणीघरामागं नेऊन कानात सांगितलं होतं, बोटांनी धरू नको, तळव्याखाली घे आणि काठाला आण. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. आरोलकरांच्या पुरुषांची गुप्त विद्या. आणि आबांना आता पक्का संशय होता की ती दिगंबरनंच बायकोला फोडली. त्याच्याकडं ते फितुराकडं बघावं तसे बघत होते. तो बिचारा शपथा घेऊन थकला होता.

एकदा दिवेलागणीला सासूबाई आणि मी खळ्यात, पुढच्या अंगणात, बसलो होतो. आबा बाजारात गेले होते.

"आई, त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम भाकरी थापायला बसवलं ना?"

"तुझ्यो भाकऱ्यो फाटत होत्यो."

"तुम्ही माझी एकही भाकरी तोवर पाहिली नव्हती."

त्यांनी बेड्याकडं, फाटकाकडं, एकदा नीट बघून घेतलं, आबा येत तर नाहीत ना म्हणून. आणि ओठ दाबून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. खालचा एक दात किडलेला होता, आणि त्या एकदम सोळा वर्षांच्या दिसल्या.

"माझ्या लग्नानंतरची पयली दिवाळी," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीपुजनाक नाणां चिंचेन घासलंय आणि परातीत धुतलंय. बोटांनी उचलूक गेलंय तर हाताक येयना. मगे भाकरेसारख्या सरकयलंय. इलां! थंयच बसलंय मी. म्हटलंय, सत्यबाय, ह्यां नऊ म्हयने आदी कळलां असतां तर?"

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"कोणाक सांगतलंय? सासवेक? ती पण हरलली, तिका वायट वाटलां असतां. आणि सांगलंय असतंय तर पुरुषांनी दुसरी काय तरी युक्ती काढली असती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "गप रवलंय. म्हटलंय, सून येतली. सव्वीस वर्षां वाट बघलंय तुझी."

मी त्यांचा हात धरला. पिठाचे, राखेचे, चिंचेचे वर्षानुवर्षांचे डाग असलेला हात. या हातानं मारलेल्या चापटीवर मी दात खाल्ले होते! थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही जिंकला असता तर काय मागणार होता?"

त्या लाजल्या. हनुवटीनंच समुद्राकडं दाखवलं. लांब, बंदराच्या पलीकडच्या खडकांवर दीपगृहाचा दिवा नुकताच लागला होता. लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लुकलुकायचा.

"तो दिवो," त्या म्हणाल्या. "माझां म्हायार घाटाखाली, रानात. लग्नाच्या सांजेक पयल्यांदा बघलंय. म्हटलंय, थंय जावन एकदा हात लावन येवचां. बस." मग स्वतःलाच हसल्या. "येडां मागणां. आता कोणाक सांगू नको."

मी कुणाला म्हणजे फक्त दिगंबरला सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला, मी पास झाले, आणि जवळच्याच गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. पावसाळा गेला, दिवाळी झाली. जानेवारीत समुद्र निवळल्यावर एके दिवशी दिगंबर कचेरीतून परवानगीचा कागद घेऊन आला. दीपगृहावर तांदूळ आणि रॉकेल नेणाऱ्या मचव्यात तीन माणसांना जागा.

"थंय काय आसा?" आबा म्हणाले. "दगड आणि पाखरां." पण आदल्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की बायकांना असं पाठवणं बरं दिसत नाही, आणि सकाळी छत्री घेऊन धक्क्यावर हजर. तिघांचे चार झाले. मचव्याच्या तांडेलानं मान हलवली आणि घेतलं.

बंदर सोडल्यावर पंधरा मिनिटांत आबा मचव्याच्या कडेला ओणवे झाले ते खडक येईपर्यंत ओणवेच होते. सासूबाई पुढं बसल्या होत्या, वाऱ्यात तोंड करून. पदर डोक्यावरून उडत होता, त्या पुन्हा घेत होत्या, पुन्हा उडत होता, मग त्यांनी तो सोडूनच दिला. एकदा लाटेचं पाणी तोंडावर आलं तेव्हा "आवशीक!" म्हणून खदखदून हसल्या.

खडकात पायऱ्या कोरलेल्या होत्या. दिगंबरनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. नऊवारीचा काष्टा आवळला आणि भराभर चढल्या. आबांना आम्ही खालच्या पायरीवर छत्रीखाली बसवलं. तिथून वरपर्यंत सगळं दिसत होतं.

मनोऱ्याच्या पायाशी जाऊन सासूबाई थांबल्या. मान मागं टाकून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात लुगड्याला स्वच्छ पुसला आणि भिंतीवर टेकला. बोटं नाही. सगळा तळवा, सपाट.

"गावलां!" त्या ओरडल्या.

खडकावरची पाखरं एकदम उठली. दीपगृहाचा रखवालदार घाबरून बाहेर आला. दिगंबर आणि मी एकमेकांकडं बघून हसायला लागलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खाली आबांनी मान वर केली. ओकारी मध्येच थांबली असावी. त्यांनी भिंतीवरचा तो हात पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं, मग दिगंबरकडं, ज्याला त्यांनी जवळजवळ वर्षभर फितूर ठरवलं होतं, आणि पुन्हा त्या हाताकडं. मला दिसत होतं, खेळाच्या सकाळच्या पाच भाकऱ्या त्यांना एकेक करून आठवत होत्या. छत्री हातातून सुटून पायऱ्यांवरून गडगडत गेली आणि ते मोठमोठ्यानं हसायला लागले, पोट धरून, मघाच्या कळा विसरून.

"सत्यबाय!" ते खालून ओरडले. "इतकी वर्षां गप रवलंस?"

"सत्तावीस," सासूबाई वरून म्हणाल्या. हात त्यांनी भिंतीवरून काढला नाही.